चाकाचे चिकट संतुलन-वजन

चिकट संतुलन-वजन म्हणजे मोटारगाडीच्या चाकातील असमतोल दूर करण्यासाठी रिमच्या आतील बाजूस दुतर्फा चिकटपट्टीने बसवली जाणारी धातूची लहान पट्टी होय. ही पट्टी सामान्यतः ५ किंवा १० ग्रॅमच्या तुकड्यांची बनलेली असते व आवश्यक तेवढे तुकडे तोडून वापरले जातात. पोलादी रिमच्या कडेला ठोकून बसवायच्या क्लिपच्या वजनांपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. अलॉय व्हीलची कड क्लिपने खरवडली जाते, शिवाय वजन बाहेरून दिसते. म्हणून अशा चाकांसाठी चिकट वजनांचा वापर रूढ झाला.

असमतोल व त्याचे परिणाम

टायर व रिम यांचे वस्तुमान परिघावर सर्वत्र अगदी सारखे विभागलेले नसते. चाक फिरू लागले की जड भाग प्रत्येक फेऱ्यात चाकाला आपल्या दिशेने खेचतो. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असून १७ सेंटिमीटर त्रिज्येवरील ३० ग्रॅमचे वजन गळून पडले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे ११ न्यूटन, म्हणजे एक किलोहून थोडे अधिक, बल निर्माण होते. ताशी १०० किलोमीटरला तेच बल चौपट होऊन सुमारे ४४ न्यूटन, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास जाते आणि सेकंदाला जवळजवळ १५ वेळा दिशा बदलत चाकाला हादरे देते.

पुढच्या चाकातील असमतोल बहुधा स्टिअरिंगच्या थरथरीतून, तर मागच्या चाकातील आसनातून जाणवतो. दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास टायर ठिकठिकाणी झिजतो आणि बेअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर व स्टिअरिंगचे सांधे यांवर ताण येतो.

वजन निसटण्याची कारणे

वेगामुळे वजन बाहेर फेकले जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात हे वजन रिमच्या आतील, आसाकडे तोंड असलेल्या पृष्ठभागावर बसलेले असते. त्यामुळे फिरताना निर्माण होणारे केंद्रोत्सारी बल त्याला रिमवरच अधिक दाबते. रिमचा पृष्ठभाग उतरता असल्यास त्या बलाचा काही अंश वजनाला बाजूला सरकवू पाहतो. परंतु चांगला चिकटलेला थर तो सहज सोसतो. वजन निसटते ते मुख्यतः चिकटपट्टी आणि धातू यांच्यामध्ये काहीतरी आल्यामुळे.

ब्रेकची भुकटी, धूळ, तेलाचा अंश, जुन्या चिकटपट्टीचा उरलेला थर आणि टायर चढवताना वापरलेले साबणाचे पाणी ही त्याची नेहमीची कारणे होत. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या रिमवरही मेणाचा किंवा पॉलिशचा पातळ थर असू शकतो. पट्टी रिमच्या वक्रतेप्रमाणे न वाकवता बसवल्यास तिची टोके उचललेली राहतात. तेथून पाणी व माती आत शिरते आणि पकड कडेपासून सुटत जाते. ओल्या रिमवर लावलेले वजन सुरुवातीला घट्ट वाटले तरी टिकत नाही. धुलाईच्या यंत्राची जोरदार धार अगदी जवळून पट्टीच्या टोकावर धरणे हेही एक कारण आहे.

बसवण्याची पद्धत

प्रथम जुने वजन व त्याचा चिकट थर काढला जातो. त्यासाठी प्लॅस्टिकची खरवडणी वापरतात; स्क्रू ड्रायव्हरने रिमचा लेप खरवडला जातो आणि उघड्या धातूवर पुढे गंज धरतो. कोमट हवा दिल्यास जुना थर लवकर सुटतो. नंतर रिम धुऊन पूर्ण कोरडे करतात आणि वजनाची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापडाच्या साहाय्याने पुसतात. पुसलेल्या जागेला व पट्टीच्या चिकट बाजूला बोट लावणे टाळले जाते.

पट्टी आधी रिमच्या गोलाईनुसार वाकवून मग चिकटवतात आणि संपूर्ण लांबीवर अंगठ्याने जोर देऊन दाबतात. हा चिकट पदार्थ दाबाने काम करणारा असल्याने दाबणे हा पद्धतीचा आवश्यक भाग आहे. या कामासाठीच्या अॅक्रिलिक फोम पट्ट्यांची पकड लगेच पूर्ण होत नाही. साधारण तापमानाला ती पूर्णत्वास येण्यास सुमारे ७२ तास लागू शकतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चाकांवर पाण्याची जोरदार धार मारली जात नाही. एकदा उचकटलेली पट्टी पुन्हा चिकटवणे निरुपयोगी ठरते.

चाक गाडीला लावल्यावर ते हाताने एक पूर्ण फेरा फिरवून वजन ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे पाहतात. घासणारे वजन पहिल्याच प्रवासात उखडले जाते.

सह्याद्रीच्या परिसरातील स्थिती

पुणे जिल्ह्यातील वेल्हे (राजगड) व भोर तालुक्यांसारख्या अतिपावसाच्या, भातशेतीच्या प्रदेशात या विषयाला विशेष महत्त्व येते. नसरापूर–वेल्हे मार्गावरील विंझरसारख्या गावांतून जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांत पावसाळ्यात चिखल साचतो. रिमच्या आत एका बाजूला वाळलेला मूठभर चिखल हा एखाद्या संतुलन-वजनाहून कितीतरी जड असतो आणि वजन पडल्यासारखीच थरथर निर्माण करतो. त्यामुळे थरथर जाणवताच नवे वजन लावण्यापूर्वी चाकाची आतील बाजू धुऊन पाहणे योग्य ठरते. चिखलासह संतुलन केलेले चाक चिखल गळून पडताच पुन्हा असमतोल होते.

पाबे घाट किंवा वरंध घाट उतरताना सतत ब्रेक वापरल्यास रिम तापते. उष्णतेने चिकट थर मऊ होतो आणि आधीच अर्धवट सुटलेली पट्टी अशा वेळी सरकू शकते.

गावरस्त्यांवरील कमी वेगात असमतोल सहसा कळत नाही. नसरापूरजवळ पुणे–सातारा महामार्गाला लागून वेग वाढला की तो प्रथम जाणवतो. म्हणजे दोष लक्षात येतो तो नेमका अधिक वेगाच्या व अधिक वर्दळीच्या रस्त्यावर. रिमवर धुळीविना राहिलेली आयताकृती खूण दिसल्यास तेथील वजन पडले आहे असे समजावे.

धातू व पर्यावरण

ही वजने पूर्वी प्रामुख्याने शिशाची असत. शिसे जड, मऊ व सहज वाकणारे असल्याने रिमच्या गोलाईवर चांगले बसते. परंतु रस्त्यावर पडलेली वजने वाहनांखाली चिरडून त्यांची भुकटी धुळीत व पाण्यात मिसळते. शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा गंभीर परिणाम होतो. युरोपीय संघाने २००५ पासून मोटारगाड्यांसाठी शिशाच्या संतुलन-वजनांचा वापर बंद केला. त्यांची जागा पोलाद व जस्त यांनी घेतली. हे धातू शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची पट्टी आकाराने मोठी होते, आणि पोलाद कडक असल्याने ती वाकवून बसवण्याची काळजी अधिक घ्यावी लागते. काढलेली शिशाची वजने रस्त्यावर, शेतात वा ओढ्यात न टाकता भंगारासाठी वेगळी साठवली जातात.