खुर्ची, गंज आणि वॉरंटी

खुर्ची म्हटलं की आपल्याला आधी राजकारण आठवतं. ती मिळवायची कशी आणि टिकवायची कशी, यावर वर्तमानपत्रं भरभरून लिहितात. मी मात्र खऱ्याखुऱ्या खुर्चीबद्दल लिहिणार आहे. पाच चाकांची, जाळीच्या पाठीची, लिव्हर ओढला की वरखाली होणारी! 2020 च्या लॉकडाऊननंतर आपल्या चिपळूणातही घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम करणारे बरेच झाले आणि पाठदुखीने पूर्वी ऑफिसात दिसणारी महागडी खुर्ची घराघरांत आणली. माझ्या ताईनेही 38 हजारांची घेतली. पाच वर्षांची वॉरंटी. अडीच वर्षांत सीट आपोआप खाली जाऊ लागली. त्या दाव्याची सगळी लिखापढी माझ्याकडे आली (घरात इंजिनिअर एकच!). त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट, वॉरंटी म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे. तिचे पैसे आपण किमतीतच मोजलेले असतात. त्यामुळे दावा करताना विनवणी नको आणि आरडाओरडाही नको. कार्डावर काय लिहिलंय आणि आपल्या खुर्चीत काय बिघडलंय, हे दोन्ही जुळवून दाखवलं की झालं.

कार्ड नीट वाचलं तर दिसतं की सबंध खुर्चीला एकच मुदत सहसा नसते. सांगाडा आणि मेकॅनिझमला जास्त वर्षं. जाळी, फोम, हातांवरचे पॅड यांना कमी. हर्मन मिलर कंपनी आपल्या अ‍ॅरॉन खुर्चीला 12 वर्षं देते, तर साध्या खुर्चीला वर्षभर मिळालं तरी पुष्कळ. ‘लाईफटाईम’ असं छापलं असेल तर विचारा, लाईफ कोणाचं? आपलं नव्हे, तर कंपनीने ठरवलेलं त्या वस्तूचं! सुटा भागच फुकट, की कारागिराची मजुरी आणि वाहतूकही, हेही खरेदीआधीच विचारा. चिपळूणला कंपनीचा माणूस येणार नसेल तर ते अवजड खोकं कुंभार्ली घाटातून पाठवण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. वॉरंटी संपेपर्यंत मूळ खोकं माळ्यावर जपून ठेवा.

आता कोकणचा खास मुद्दा. झीज, गैरवापर, स्वतः केलेले बदल आणि नैसर्गिक आपत्ती यांना वॉरंटी बहुधा लागू नसते. 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 या दोन्ही वेळी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, ते आपल्या गावाला सांगायला नको. पुरात बुडालेल्या खुर्चीसाठी वॉरंटीचा दावा टिकत नाही, तो विषय विम्याचा. (आणि बिलं कपाटाच्या खालच्या खणात ठेवू नका. फोटो काढून स्वतःच्या ई-मेलवर टाका.) पण पुराशिवायही चार महिन्यांच्या दमट हवेत चाकांच्या दांड्यांवर गंज चढतोच. कंपनीचा माणूस तो गंज पाहून सगळा बिघाड हवामानावर ढकलू शकतो. ताईला पहिलं उत्तर असंच आलं, ‘नैसर्गिक झीज व आर्द्रतेचा परिणाम’.

इथे आपलं शिक्षण कामाला येतं. खुर्चीच्या सिलिंडरमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो. लिव्हर ओढला की वरची पिन दाबली जाते, झडप उघडते आणि वायू पिस्टनच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो. सीट वरखाली होते. लिव्हर सोडला की झडप बंद आणि उंची कायम. म्हणजे लिव्हरला हात न लावता सीट खाली जात असेल, तर आतली झडप किंवा सील गळतंय. चाकांवरच्या गंजाशी त्याचा संबंध नाही.

हे नुसतं सांगून भागत नाही, मोजून दाखवावं लागतं. आम्ही सीट पूर्ण वर घेतली, ताई बसली, बाबांनी टेप लावली. 15 मिनिटांत सीट 4 सेंटिमीटर खाली! तीन वेळा मोजलं, तिन्ही आकडे तारखेसह लिहिले. ताईचं वजन कार्डावरच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी आहे, हेही लिहिलं (तिची परवानगी घेऊन, बरं का). सीटखालच्या सीरिअल नंबरच्या लेबलापासून सुरू होणारा सलग व्हिडिओ काढला. बिल, आकडे, व्हिडिओ आणि ‘सिलिंडर बदलून द्यावा’ ही एकच स्पष्ट मागणी, असं पत्र ई-मेलने पाठवलं. तीन आठवड्यांनी नवा सिलिंडर आला. फोनवर बोलणं झालं तरी त्याचा सारांश ई-मेलने पाठवत जा. बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं राहतं.

एक इशारा. खाली जाणाऱ्या खुर्चीच्या दांड्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवण्याचा हॉस्टेलमधला जुगाड सर्वांना माहीत आहे. तो वॉरंटी संपल्यावर करा, नाहीतर ‘बदल केला’ म्हणून दावा फेटाळायला निमित्त मिळतं. आणि सिलिंडर कापायला किंवा भोक पाडायला कधीही जाऊ नका. आत दाब आहे, जीवाशी खेळ होईल.

एवढं करूनही कंपनी ऐकत नसेल तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. त्यापुढे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असली तरी आपलं काम रत्नागिरीत होतं. 5 लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत मात्र जायला हवं.

स्टाफसाठी एक मुद्दा. खुर्च्या संस्थेने घेतल्या असतील तर समोरची बाजू म्हणू शकते, ‘तुम्ही ग्राहकच नाही, खरेदी व्यावसायिक आहे.’ मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांच्या हॉस्टेलसाठी सदनिका घेतल्या होत्या, तेव्हा हाच वाद झाला. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रस्टला ग्राहक मानलं, कारण त्या खरेदीचा नफा कमावण्याशी थेट संबंध नव्हता. म्हणजे खरेदी संस्थेची आहे एवढ्यावरून दार बंद होत नाही, खरेदीचा हेतू पाहिला जातो.

आणि हॉस्टेलकरांनो, पुण्यातल्या बंद पडलेल्या ऑफिसांमधल्या सेकंडहँड खुर्च्या स्वस्तात मिळतात खऱ्या, पण बऱ्याच कार्डांवर वॉरंटी फक्त मूळ खरेदीदारालाच असते. तेव्हा भाव ठरवताना वॉरंटीची किंमत शून्य धरा आणि दुकानदाराकडून सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून घ्या.

शेवटी एवढंच. लॅबमध्ये रीडिंग घेताना आपण कंटाळतो, जर्नल दुसऱ्याचं पाहून उतरवतो. पण 38 हजारांची खुर्ची वाचली ती तीन रीडिंगमुळे. घरी गेलात की बिलं शोधा, सीटखालच्या लेबलाचा फोटो काढा. पावसाळ्यात लेबलं आधी निघतात, खुर्च्या नंतर मोडतात!

— अंतिम वर्ष, यांत्रिकी