शेवाळापासून दृष्टि

दिवेलागणीस मूल चांचपडूं लागलें कीं घरांतील वडील माणसें पालेभाज्या, दूध व गाजरें सुचवितात. 'अ' जीवनसत्त्वाच्या उणिवेमुळें आलेल्या रातांधळेपणावर हा उपाय योग्यच आहे. परंतु या विकाराचा एक आनुवंशिक प्रकारहि आहे. त्यांत दृष्टिपटलावरील प्रकाश टिपणाऱ्या पेशीच हळूहळू मरतात, व पुढें भर दिवसाहि अंधार होतो. अशा एका रोग्यास शेवाळाचें साहाय्य कसें झालें, तें आमच्या वाचकांस सांगावेसें वाटतें.

क्लॅमिडोमोनस हें एकपेशीय हिरवें शेवाळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढें असतें. त्यास ना मेंदू, ना मज्जातंतु. तरी तें दोन तंतूंची वल्हीं मारीत उजेडाकडे जातें. त्यास उजेड कळतो कसा? जर्मनींतील हेगेमान, नागेल व बाम्बेर्ग यांनीं २००२-०३ मध्यें हें कोडें उकललें. पेशीच्या पापुद्र्यांतील एका प्रथिनावर निळा प्रकाश पडतांच त्यांतील सूक्ष्म दार उघडतें व विद्युद्भारित कण आंत शिरतात. मौज ही कीं, या दाराचा खटका म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचेंच एक रूप होय. आपल्या डोळ्यांतहि तेंच काम करितें.

मज्जापेशींचा व्यवहार अशाच कणांवर चालतो. म्हणून २००५ सालीं अमेरिकेंत बॉयडन, डाइसेरॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या प्रथिनाचें जनुक उंदराच्या मज्जापेशींत घातलें. दिव्याच्या उघडझापेबरोबर त्या पेशी चेतूं लागल्या!

दृष्टिपटलावरील पेशी मेल्या तरी मेंदूस निरोप पोंचविणाऱ्या मज्जापेशी पुष्कळदां शिल्लक असतात. साहेल व रोस्का यांनीं, याच कुळांतील दुसऱ्या शेवाळाच्या प्रथिनाचें जनुक निरुपद्रवी विषाणूच्या द्वारें एका अंध गृहस्थाच्या डोळ्यांतील अशा पेशींत पोंचविलें. ५८ वर्षांच्या या गृहस्थाचा रोग ४० वर्षांपूर्वींच ओळखला गेला होता. दृश्याचें पिंगट प्रकाशांत रूपांतर करणारा चष्मा लावून त्यांनीं कित्येक महिने अभ्यास केला. मग टेबलावरील वस्तु त्यांना सांपडूं लागल्या, मोजतां आल्या. रस्त्यावरील पांढरे पट्टेहि दिसले. हा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. ही पूर्ण दृष्टि नव्हे. चष्म्यावांचून तीहि नाहीं, व चेहरे ओळखणें दूरच राहिलें. पण अंधारांत हरवलेली वस्तु स्वतःच्या हातानें उचलणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

शेवाळ कां पोहतें, हें शोधणाऱ्यांच्या समोर कोणी अंध रोगी नव्हता. घरांतील एखाद्या मुलानें वा मुलीनें असाच 'निरुपयोगी' विषय निवडला, तर 'याचा उपयोग काय?' असें विचारण्यापूर्वीं वडिलांनीं क्षणभर थांबावें, असें आम्हांस वाटतें.