दात भरणे म्हणजे काय?

साकीनाक्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. गंजलेल्या पत्र्याला ठिगळ लावायचे, तर आधी गंज खरवडून काढावा लागतो. दात भरण्याच्या शास्त्राचे बीज यातच आहे.

'कीड' हा आपला शब्द मात्र फसवा आहे. दातात अळी नसते. बाजारात ती काढून दाखविणाऱ्याने ती आधीच हातात लपविलेली असते. दातावरच्या चिकट थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताचे वरचे कवच विरघळू लागते. हे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरा. पण त्यात जिवंत पेशी नाहीत. मोडलेले हाड सांधते, तसे हे कवच भरून येत नाही. आरंभीचा पांढुरका डाग लाळेतल्या क्षारांनी सुधारू शकतो. खड्डा पडला की नाही. दिवसभर थोडाथोडा गोड चहा घेत राहणाऱ्यांच्या लाळेला तर हे काम करायला उसंतच मिळत नाही!

म्हणून डॉक्टर किडलेला मऊ भाग कोरतात आणि खड्डा बंद करतात. आपण जिला 'चांदी' म्हणतो, तिच्यात चांदी, कथील व तांबे यांची पूड असते आणि वजनाने जवळजवळ निम्मा पारा. ती दाताला चिकटत नाही. म्हणून खड्डा घागरीसारखा, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद करावा लागे. त्यासाठी थोडा निरोगी दातही कोरला जाई. 1955 मध्ये ब्युनोकोर यांनी दाखविले की, कवचाला आम्ल लावून ते खरखरीत केले, तर त्यावर राळ घट्ट धरते. दातांच्या रंगाचे आजचे मसाले या युक्तीवर उभे आहेत. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या 2013 च्या मिनामाता करारानंतर तर चांदी मागेच पडत चालली आहे.

मसाला कोणताही असो, तो खड्डा बुजवितो. दाताच्या आतल्या कोमल गाभ्यापर्यंत जंतू पोचले असतील, तर नुसते भरून भागत नाही. गार पाण्याने क्षणभर कळ येते, तोवर बहुधा वेळ गेलेली नसते. रात्री आपोआप ठणका लागतो, तेव्हा गाभा साफ करावा लागतो किंवा दात काढावा लागतो. 1933 मध्ये सुरू झालेले मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आज महापालिका चालविते. साकीनाक्याहून मेट्रोने अंधेरी आणि तेथून लोकलने तेथे जाता येते. रोजंदारीवरच्या माणसाचा पहिल्या अवस्थेत बहुधा एक खाडा होतो. दुसऱ्या अवस्थेत तीन-चारही होतात.