नऱ्ह्यातलं बिलवाचन

फेब्रुवारी २०२५. रविवार, सकाळचे साडेदहा. पुण्याच्या नऱ्ह्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या आहेत. खांबाला टेकवलेल्या फळ्यावर एक बाई मोठ्या अक्षरांत आकडे मांडतायत. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत. सगळे त्यांना ताई म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरला होता तो एवढाच: वीजबिल, मिळकतकराचं बिल आणि मतदार ओळखपत्र घेऊन या, चष्मा विसरू नका.

"एकशे चाळीस युनिटांचं बिल कुणाचं?"

"माझं आहे ताई." दुसऱ्या रांगेतून हात वर होतो. चौकात पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई आहे. हे बिल तिच्या घरचं, दोन खोल्यांचं.

ताई फळ्याकडे वळतात. पहिली शंभर युनिटं, दर ४ रुपये ७१ पैसे, झाले ४७१ रुपये. पुढची चाळीस, दर १० रुपये २९ पैसे, झाले ४११ रुपये ६० पैसे. सतरंजीवर कुजबुज सुरू होते. शंभर युनिटांना ४७१ आणि नुसत्या चाळिसांना चारशेच्या वर! त्याखाली वहन आकार येतो. युनिटमागे १ रुपया १७ पैसे, म्हणजे एकशे चाळिसांचे १६३ रुपये ८० पैसे. स्थिर आकार वेगळा. इंधन समायोजन आकार लागला असेल तर तोही वेगळा. आणि या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क, ते राज्य सरकारचं.

"वीज आणून द्यायचे पैसे घेतात, आणि त्या पैशांवरही शुल्क?" मागून एक तरुण विचारतो.

"बेरीज करून बघ," ताई खडू त्याच्यापुढे धरतात. तो उठतो. फळ्यावर गुणाकार करतो. उत्तर आल्यावर स्वतःचं बिल काढून परत तोच गुणाकार त्याच्या आकड्यांवर करायला लागतो.

बहुतेक घरांत बिलावरच्या दोनच गोष्टी वाचल्या जातात, भरायची रक्कम आणि शेवटची तारीख. इथे मात्र ओळीओळीवर बोट ठेवलं जातंय. शेजारी शेजाऱ्याच्या बिलात डोकावतोय. कुणाचा स्थिर आकार जास्त, कुणाचं युनिट तीनशेच्या पुढे जाऊन १४ रुपये ५५ पैशांच्या टप्प्यात गेलंय. ही माणसं रागावलेली आहेत, पण राग आकड्यांत मांडायला शिकतायत, आणि मला यात फार मोठी गोष्ट दिसते. दरवाढीविरुद्ध घोषणा दिली की ती रस्त्यावरच राहते. आकडा घालून लिहिलेल्या हरकतीला उत्तर द्यावं लागतं.

निमित्तही तसंच आहे. २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांच्या दरांसाठी महावितरणची याचिका महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे आहे. हरकती पाठवायला आता फार दिवस उरलेले नाहीत. ताईंच्या पुढ्यात त्या याचिकेची काही पानं आहेत, पेन्सिलीने खुणा केलेली. २००३ च्या विद्युत कायद्याचं ६४ वं कलम त्या तोंडपाठ असल्यासारखं सांगतात: कंपनीने प्रस्ताव जाहीर करायचा, लोकांनी सूचना-हरकती द्यायच्या, त्या विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यायचा.

"वकील लागत नाही. ग्राहक क्रमांक लिहा, नाव लिहा, काय पटत नाही आणि का पटत नाही ते लिहा. सुनावणीला बोलायचं असेल तर तसंही लिहा."

"आपलं कोण ऐकतंय ताई?" हे आबा. वय पंचाहत्तरच्या पुढचं, डोक्यावर टोपी. ही सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्या भावकीची होती, असं मला शेजारचे गृहस्थ हळूच सांगतात.

ताई आबांना उपदेश करत नाहीत. जुनी हकिकत सांगतात. राज्यात नियामक आयोग आला १९९९ मध्ये. त्याआधी वीज मंडळ दर ठरवायचं आणि मंडळच आकडे सांगायचं. वीजगळती वर्षानुवर्षं अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवली जायची. आयोगापुढे पहिल्या सुनावण्या झाल्या, पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी आणि ग्राहक संघटनांनी हिशेब मागायला सुरुवात केली, आणि गळती तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचं उघड झालं. मग एवढी वर्षं ती दडली कुठे होती? शेतीपंपांच्या नावावर. पंपांना मीटर नव्हते, म्हणून शेतकऱ्याने किती वीज वापरली हे अंदाजाने लिहिलं जायचं, आणि चोरी, गळती, नादुरुस्त तारा, सगळं त्या अंदाजात जिरायचं.

आबा पुढे सरकून बसतात. "म्हणजे आमच्या विहिरीवर खपवली होती?"

"तुमच्याच. आणि ते बाहेर आलं ते कुणीतरी कागद वाचले म्हणून."

या हकिकतीचा परिणाम माझ्या डोळ्यांसमोर होतो. आबा नातवाला हाक मारतात, कोरा कागद मागतात, आणि हरकत सांगायला लागतात. त्यांचं म्हणणं साधं आहे: मळ्यातल्या पंपाचं मीटर आजही कुणी बघायला येत नाही, आणि बघितल्याशिवाय आकडा लिहू नये. नातू लिहितो, आबा अंगठा नाही, सही करतात, सावकाश, पूर्ण नाव घालून.

एक निवृत्त शिक्षक उभे राहतात. पीएम सूर्यघर योजनेतून त्यांनी गच्चीवर तीन किलोवॉटचे पॅनेल बसवलेत, ७८ हजारांचं अनुदान मिळालंय. नव्या प्रस्तावात दिवसा तयार झालेली युनिटं दिवसाच्याच वापरातून वजा करायची आहेत, रात्रीच्या नाही, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलंय. "दिवसा आम्ही दोघं म्हातारी माणसं. एक पंखा, एक फ्रिज. मुलं, सुना, नातवंडं सातनंतर घरी येतात. वीज लागते तेव्हा. दुपारची युनिटं कंपनी आमच्याकडून कुठल्या भावाने घेणार आणि रात्रीची कुठल्या भावाने देणार?" प्रश्न इतका नेमका आहे की ताई तो शब्दशः फळ्यावर उतरवून घेतात. पॅनेल असलेले आणखी तिघं-चौघं सरांभोवती जमतात आणि एकत्र हरकत लिहायचं ठरतं.

तेवढ्यात फाटकातून टँकर आत येतो. सगळे उठून वाट देतात, सतरंजीचं टोक गुंडाळलं जातं, टाकीत पाइप सोडला जातो. मोटर सुरू होते तशी सोसायटीचे सचिव हिशेबाची वही उघडतात. टँकरचे पैसे, ते पाणी वर चढवायच्या मोटरचं वीजबिल, आणि आता या महिन्यात नवीन खर्च: पाणी तपासून घ्यायचा. जानेवारीपासून सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीच्या बाजूला, गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडतायत आणि संशय पाण्यावर आहे. नांदेडच्या विहिरीतलं पाणी गाळल्याशिवाय, नुसतं क्लोरीन टाकून घराघरांत जात होतं, हे लोकांना आता कळलंय. बाया बोलताना आवाज खाली आणतात. मुलांना बाहेरचं काही देत नाही, पाणी दोनदा उकळते, असं एक सांगते, दुसरी म्हणते गॅस सिलिंडर आता महिनाभर पुरत नाही.

इथून पुढे सभा वेगळ्याच अंगाला वळते आणि माझ्या मते खरी सभा इथेच सुरू होते.

मिळकतकराची बिलं बाहेर येतात. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, जललाभ कर, पथकर, वृक्षकर. जललाभ कर या ओळीवर किती बोटं एकदम पडतात! नऱ्हे पुणे महापालिकेत आलं ३० जून २०२१ ला, तेवीस गावांपैकी एक म्हणून. त्या दिवशी ग्रामपंचायत संपली. महापालिकेच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली, आणि दुसऱ्या दिवसापासून कारभार प्रशासकाकडे गेला. त्या सभागृहाची निवडणूक झाली होती फेब्रुवारी २०१७ मध्ये, म्हणजे नऱ्हे तेव्हा शहरात नव्हतंच. इतर मागासवर्गाचं आरक्षण आणि प्रभागरचना यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, निवडणुकीची तारीख नाही. ग्रामपंचायत गेली, नगरसेवक आला नाही. समाविष्ट गावांतल्या कर आकारणीवरून एवढी बोंब झाली ती उगाच नाही.

ताई आता कायद्याची दुसरी गोष्ट सांगतात. पालिकेच्या कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. ही तारीख चार-पाच दिवसांवर आलीय. सभागृह नाही, म्हणून आयुक्त मांडणार, प्रशासक म्हणून आयुक्तच मान्य करणार.

"म्हणजे मागणारा तोच आणि देणारा तोच?" पोळीभाजीवाली बाई विचारते.

कुणीच काही बोलत नाही. सचिव हिशेबाची वही मिटतात.

मी कितीतरी वेळ याच प्रश्नाशी अडकून राहतो. वीज कंपनीला मूळ दरात युनिटमागे चार पैसे वाढवायचे असले तरी जाहीर करावं लागतं, हरकती घ्याव्या लागतात, सभागृहात बसून शेतकऱ्यापासून कारखानदारापर्यंत कुणाचंही ऐकून घ्यावं लागतं. तिथला निकाल ग्राहकाच्या बाजूने लागेलच असं नाही, पण ऐकणं चुकत नाही. शहराच्या कराचं तसं नाही. तिथे ऐकून घ्यायची एकच रीत आहे, निवडून दिलेली माणसं. ती माणसंच नसतील तर कर भरणाऱ्याला दारच उरत नाही. आयुक्त कितीही प्रामाणिक असोत, त्यांना आपल्या गल्लीतून पुन्हा निवडून यायचं नसतं. तीन वर्षं राज्यातली मोठमोठी शहरं अशी चाललीयत याची जेवढी चीड यायला हवी तेवढी आम्हा शहरवासीयांना येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हे दोन्ही हिशेब वेगळे नाहीतच. रस्त्यावरचे दिवे, पाणी उपसायचे पंप, मैलापाणी शुद्धीकरणाची केंद्रं, सगळं विजेवर चालतं. वीज महागली की पालिकेचं बिल वाढतं, ते करातूनच भरलं जातं. म्हणजे एकाच दरवाढीचे पैसे इथला माणूस घरच्या बिलात, सोसायटीच्या वर्गणीत आणि मिळकतकरात असे तीनदा मोजतो. सर हे गणित तोंडी मांडतात आणि आयोगाकडच्या आपल्या हरकतीत एक परिच्छेद वाढवतात.

चाळीस टक्के सवलतीचा विषय निघतो. स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात १९७० पासून मिळणारी ही सवलत मध्ये बंद झाली होती, लोक मागे लागले, २०२३ मध्ये ती परत आली. पण आपोआप मिळेलच असं नाही, पीटी-३ अर्ज भरून घर स्वतःच्या वापरात असल्याचं दाखवावं लागतं. पार्किंगमधल्या निम्म्या लोकांना हा अर्ज माहीतच नाही. ताई अर्जाच्या प्रती वाटतात, सोबत काय जोडायचं ते सांगतात. पुढे सरकतात.

आता मतदार ओळखपत्रं. मघाचा गुणाकार करणारा तरुण सांगतो, त्याचं नाव लातूरजवळच्या गावी आहे, इथे सात वर्षं राहतोय. असे अनेक निघतात. कुणाचं सोलापूरला, कुणाचं सातारा रस्त्याच्या जुन्या घरच्या पत्त्यावर.

"गावी सरपंचाच्या निवडणुकीला जावं लागतं," तो म्हणतो. "घरचे बोलवतात."

"तिथलं पाणी तू पितोस का?" आबा एकदम विचारतात.

तरुण गप्प होतो. मग फोन काढतो. पत्ता बदलायचा तर नमुना ८ भरायचा, पहिल्यांदा नाव घालायचं तर नमुना ६. महापालिकेच्या निवडणुकीला वेगळी यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडली जाते. तेव्हा निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. ताईंच्या शेजारी बसलेली कॉलेजातली मुलगी एकेकाच्या फोनवर अर्ज भरून देतेय. भाडेकरार चालतो का, लग्नानंतरचं नाव कसं लिहायचं, प्रश्नांचा ओघ थांबत नाही. तिच्यापुढची रांग आता हरकतींच्या रांगेपेक्षा लांब झालीय.

दुपारचा एक वाजतो. सही केलेल्या हरकती ताई एका फाइलमध्ये लावतायत, वर पत्ता घातलेला: सचिव, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, कफ परेड, मुंबई. दुसऱ्या फाइलमध्ये महापालिका आयुक्तांना पाठवायचं पत्र आहे. अंदाजपत्रक मंजूर करण्याआधी समाविष्ट गावांतल्या नागरिकांना समोर बसवून ऐकून घ्या, अशी मागणी. कायद्याने ते बंधनकारक नाही हे ताईंनी स्पष्ट सांगितलंय. तरी सह्या भराभर होतायत.

सुनावणीला कोण जाणार, यावर चर्चा होते. सर तयार आहेत. सचिवांना सुट्टी मिळेल का ते बघावं लागेल. पोळीभाजीवाली बाई पर्स खांद्याला लावून निघालेली असते, ती परत फिरते.

"मी आले तर चालेल का? मला इंग्रजी येत नाही."

"मराठीतच बोलायचं. नाव पुकारतील तेव्हा उभं राहायचं."

"किती वेळ देतात?"

"फार नाही. दोन-चार मिनिटं धरून चाला."

"मग सकाळचे डबे उरकून येते. मला एवढंच विचारायचंय, शंभराच्या पुढचं एक युनिट दुपटीहून महाग का. आमच्या घरात चार माणसं, एक कूलर, एक मिक्सर. शंभरात बसवायचं कसं ते त्यांनी मला सांगावं."

"वर्षभराची बिलं आहेत का?"

"सगळी आहेत, डब्यात ठेवलीयत. किती प्रती काढू?"