नवीन उपभोग्य वस्तू : विकास व विपणन

अंतिम ग्राहकाच्या वैयक्तिक वा घरगुती उपयोगासाठी प्रथमच बाजारात येणाऱ्या, किंवा पूर्वीच्या वस्तूत लक्षणीय फेरबदल करून आणलेल्या मालास नवीन उपभोग्य वस्तू असे म्हणतात. अशा वस्तूची कल्पना सुचल्यापासून ती नियमितपणे खपू लागेपर्यंतच्या सर्व कार्यांचा समावेश वस्तुविकास व विपणन यांत होतो [→ विपणन]. नावीन्य हे वस्तूपेक्षा ग्राहकाच्या दृष्टीवर अधिक अवलंबून असते. कोकमाचे सरबत रत्नागिरीच्या घरात नवीन नाही. तेच बाटलीबंद होऊन विदर्भातील एखाद्या दुकानात गेले, तर तेथील ग्राहकाच्या दृष्टीने ती पूर्णतया नवीन वस्तू ठरते. बूझ, ॲलन अँड हॅमिल्टन या अमेरिकन सल्लागार संस्थेने १९८२ मध्ये नवीन वस्तूंचे जे वर्गीकरण केले, त्यातही जगाला सर्वस्वी नवीन असणाऱ्या वस्तूंचे प्रमाण अल्पच आढळले. बहुतेक नवीन वस्तू म्हणजे जुन्यांची सुधारणा, विस्तार अथवा नव्या ग्राहकवर्गासाठी केलेली मांडणी असते.

वस्तूची कल्पना दोन दिशांनी येते. एक दिशा ग्राहकाच्या गरजेची व दुसरी उपलब्ध कच्च्या मालाची. पाठ्यपुस्तकांत पहिलीवर भर असतो. परंतु कृषी व मत्स्य प्रदेशांत दुसरी दिशाच अधिक प्रचलित आहे, कारण तेथे थोड्या दिवसांत पुष्कळ माल येतो व तो नाशवंत असतो. त्याचे काहीतरी करावयाचे, या निकडीतून वस्तू जन्मास येते आणि ग्राहकाचा विचार मागाहून होतो. वस्तू तयार होणे व तिला ग्राहक मिळणे या दोन भिन्न घटना होत. त्यांची सांगड कशी पडते, याची उदाहरणे रत्नागिरी जिल्ह्यात स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

मिरजोळे येथील सुरिमी उद्योग : रत्नागिरी शहरालगतच्या मिरजोळे या गावी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे (स्थापना १९६२) औद्योगिक क्षेत्र आहे. तेथील गद्रे मरीन एक्स्पोर्ट या कारखान्यात सुरिमी व तिच्यापासूनचे खाद्यपदार्थ तयार होतात. दीपक गद्रे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या मत्स्यव्यवसायाचा हा विस्तार असून सुरिमीचे उत्पादन १९९० नंतरच्या दशकात हाती घेण्यात आले.

सुरिमी म्हणजे धुऊन शुद्ध केलेला माशाचा खिमा. माशाचे डोके व आतडी काढून यंत्राने मांस काट्यांपासून वेगळे करतात व ते थंड पाण्याने वारंवार धुतात. त्यामुळे रक्त, चरबी, वास व पाण्यात विरघळणारी प्रथिने निघून जातात आणि स्नायुतंतूंची प्रथिने शिल्लक राहतात. पाणी पिळून काढल्यावर या लगद्यात साखर, सॉर्बिटॉल व अल्प प्रमाणात फॉस्फेट मिसळून त्याच्या लाद्या गोठवितात. सुरिमीला स्वतःची अशी चव नसते. मिठाबरोबर घोटून उष्णता दिली असता तिचा लवचिक जेल बनतो, हाच तिचा मुख्य गुण होय. जेल जितका बळकट, तितकी सुरिमीची प्रत उच्च समजतात.

कोकणात पापलेट, सुरमई व कोळंबी यांना मान आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात मोठ्या प्रमाणात येणारा राणी मासा त्या मानाने स्वस्त विकला जातो. त्याचे मांस मात्र पांढरे असून त्याचा जेल उत्तम बनतो. म्हणजे स्थानिक ताटात ज्याला किंमत कमी, तोच मासा दुसऱ्या एका वस्तूचा इष्ट कच्चा माल ठरला. या उद्योगाला सुरिमी खाणारा ग्राहक नव्याने घडवावा लागला नाही, ही त्याच्या यशातील महत्त्वाची बाब आहे. तो जपान, आग्नेय आशिया व यूरोप येथे आधीच तयार होता.

हा ग्राहक कसा तयार झाला, हे वस्तुविकासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. जपानात माशाच्या लगद्यापासून बनविलेला कामाबोको हा पदार्थ अनेक शतके प्रचलित आहे. सुरिमी ताजी असतानाच वापरावी लागे; गोठविली की प्रथिनांचा गुण नष्ट होई. साखर मिसळल्यास ही हानी टळते, हे होक्काइडो येथील संशोधकांना १९६० च्या सुमारास आढळून आले. त्यामुळे अलास्का पोलॉक या विपुल परंतु गोठवणीत लवकर बिघडणाऱ्या माशाचा उपयोग होऊ लागला व सुरिमी हा साठविता येणारा, दूरवर पाठविता येणारा माल बनला. पुढची पायरी योगायोगाची होती. इशिकावा प्रांतातील सुगियो ही कंपनी खाद्य जेलीफिशच्या टंचाईमुळे तिची कृत्रिम नक्कल बनवू पाहत होती. प्रयोग फसला, परंतु हाती आलेल्या पदार्थाचे तुकडे चवीला व पोताला खेकड्याच्या मांसासारखे लागतात, असे लक्षात आले आणि १९७२ मध्ये तो खेकड्याच्या स्वादाचा पदार्थ म्हणून बाजारात आला. १९७४ मध्ये हिरोशिमाच्या ओसाकी सुइसान या कंपनीने त्याला कांडीचा आकार दिला व ‘क्रॅब स्टिक’ जगभर पसरली. तंत्रज्ञांनी वस्तू एका हेतूने बनविली आणि ती खपली वेगळ्याच हेतूने. असे अनेकदा घडते. मात्र फसलेल्या प्रयोगाची चव घेऊन पाहण्याची तयारी सर्वच कारखान्यांत असते, असे नाही.

क्रॅब स्टिकसाठी सुरिमी, स्टार्च, अंड्यातील पांढरा बलक व स्वादद्रव्ये यांचा लगदा पातळ थरात पसरून वाफेवर शिजवितात. त्या थराला बारीक चिरा पाडून तो गुंडाळतात, बाहेरून लाल रंग देतात व कापून गोठवितात. चिरांमुळे खेकड्याच्या मांसाप्रमाणे तंतू सुटतात. या पदार्थात खेकडा बहुधा नसतोच. म्हणून नाव व लेबल यांना विशेष महत्त्व येते. अमेरिकेत ‘इमिटेशन’ म्हणजे नक्कल हा शब्द नावात रूढ झाला. ग्राहकाची फसवणूक होऊ नये आणि तरीही नाव वाचून त्याची इच्छा मावळू नये, अशी दुहेरी कसोटी येथे असते. अंडे, गहू, मासे यांसारख्या अधिहर्षता (ॲलर्जी) उत्पन्न करणाऱ्या घटकांचा उल्लेख तर आरोग्यासाठीच आवश्यक आहे.

हे पदार्थ भारतातील किरकोळ बाजारातही मिळतात. पण येथे अडचण निराळी आहे. मासे खाणारा कोकणी वा बंगाली ग्राहक डोळे, कल्ले व अंगाचा कडकपणा पाहून मासा निवडतो. गोठविलेली, काटे नसलेली, तांबड्या कडेची कांडी त्याच्या परीक्षेच्या पद्धतीतच बसत नाही. तिचे कालवण होत नाही आणि ती तळून कुरकुरीत होईल अशी अपेक्षा ठेवली, तर निराशा होते. तिला जागा मिळते ती सॅलड, सँडविच, नूडल्स अशा नव्या पदार्थांत व उपाहारगृहांत. शिवाय कारखान्यापासून घरातील शीतपेटीपर्यंत उणे तापमानाची साखळी अखंड असावी लागते. दुकानदाराने रात्री विजेचा खटका बंद केला, तर उत्पादकाची सारी काळजी व्यर्थ ठरते.

आंबा व कोकम : हापूसच्या डबाबंद रसाचे उदाहरण याच्या उलट आहे. येथे ग्राहकाला पदार्थ शिकवावा लागला नाही. आमरस महाराष्ट्र व गुजरात यांच्या ताटात पूर्वापार होता. डब्याने फक्त त्याचा काळ व स्थळ बदलले. आंब्याचा रस आम्लधर्मी असल्याने उकळत्या पाण्याच्या तापमानावरील प्रक्रियेनेही तो डब्यात सुरक्षित टिकतो. त्यामुळे हे तंत्र मध्यम आकाराच्या कारखान्यांनाही झेपले. आकाराने लहान किंवा डागी, पण आतून निर्दोष फळ ताजे विकण्यास योग्य नसते. ते मोसमाच्या अखेरीस कारखान्याकडे जाते व जिल्ह्यात ते ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणून ओळखले जाते. त्याचा किलोमागे दर हा दरवर्षी मे महिन्यात बागायतदार व कारखानदार यांच्यातील वादाचा विषय असतो. कारण पाऊस जवळ आला की, बागायतदाराला थांबता येत नाही. नवीन वस्तूच्या यशाचा लाभ कच्चा माल पिकविणाऱ्यापर्यंत किती पोचतो, हा प्रश्न विपणनाच्या चर्चेत सहसा वगळला जातो. या दराच्या वादात मात्र तो उघडपणे समोर येतो.

याच फळाने एक उलट धडाही दिला आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) नीलम व हापूस यांच्या संकरातून काढलेली ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये प्रसृत केली. तिला दरवर्षी फळ येते व तिच्यात हापूसमधील साका हा दोष नाही. बागायतीच्या दृष्टीने ती सरस होती. तथापि पेठेत हापूसचे स्थान तिला घेता आले नाही. ग्राहक गुणांबरोबर नाव व आठवण यांचीही किंमत मोजतो. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाल्यावर या नावाला कायद्याचे संरक्षणही लाभले.

कोकमाचा प्रवास या दोहोंच्या मधला आहे. आमसूल व आगळ हे स्वयंपाकघरातील जुने पदार्थ. सालीच्या वाट्या साखरेत मुरवून काढलेला पाक पाणी, मीठ व जिरेपूड घालून पिणे, ही मुळात घरगुती रीत होती. मुंबईतील चाकरमान्यांनी परतताना नेलेल्या बाटल्यांनी त्याची पहिली जाहिरात केली, असे म्हणण्यास हरकत नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर बाहेरच्या प्रवाशांची व मालाचीही वाहतूक सुलभ झाली. मोठ्या प्रमाणावरील विक्रीत मात्र घरगुती कृती अपुरी पडते. कोकमाचा लाल रंग अँथोसायनीन या रंगद्रव्याचा असून प्रकाश व उष्णता यांमुळे तो फिका पडतो. प्रत्येक घाण्याची आंबटगोडी निराळी येते. आणि पाक किती पाण्यात मिसळावा, हे अनोळखी ग्राहकाला ठाऊक नसते. तो पाक तसाच प्याला, तर पुन्हा बाटली घेत नाही. बाटलीवरील प्रमाणाची एक ओळ येथे जाहिरातीपेक्षा अधिक काम करते.

चाचणी, किंमत व पुनर्खरेदी : कल्पनांची छाननी, नमुना, ग्राहकचाचणी, खर्चाचा अंदाज, मर्यादित क्षेत्रातील विक्री व नंतर सर्वत्र प्रसार, असे टप्पे सामान्यतः सांगितले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळतात व अनेकदा मागे यावे लागते. चाचणीत सर्वांत फसवा प्रश्न ‘आवडले का?’ हा होय, कारण फुकट दिलेल्या पदार्थाला नाव ठेवण्यास मनुष्य संकोचतो. तोच ग्राहक पंधरवड्यानंतर स्वतःच्या पैशाने वस्तू पुन्हा घेतो काय, हे पाहणे अधिक विश्वसनीय असते. पहिली खरेदी कुतूहलाने, वेष्टनामुळे किंवा सवलतीमुळे होते. व्यवसाय टिकतो तो दुसऱ्या व तिसऱ्या खरेदीवर. दहापैकी आठ-नऊ नवीन वस्तू अयशस्वी होतात, हे वारंवार उद्धृत होणारे विधान मात्र प्रमाणित नाही; प्रत्यक्ष पाहण्यांतून निघालेले प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असल्याचे २०१३ मध्ये कॅस्टेलियन व मार्कम यांनी दाखवून दिले.

किंमत हीही वस्तूच्या रचनेचाच भाग असते. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये आणलेली निरमा धुलाईची भुकटी किलोस सु. ३ रुपयांना, म्हणजे तत्कालीन नामांकित भुकटीच्या सुमारे चौथाई किंमतीस मिळे. तिने जुन्या ग्राहकांबरोबरच साबणाच्या वड्या वापरणारा वर्गही भुकटीकडे वळविला. मुंबईत गिरगाव येथे १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाचे तत्त्व वेगळे होते. पापड घरोघरी लाटला जातच होता. विकत घेण्याजोगी गोष्ट होती ती खात्री. आरंभी केलेले दोन प्रतींचे पापड सोडून एकाच उत्तम प्रतीचा आग्रह धरल्याने ती खात्री निर्माण झाली. हजारो निरनिराळ्या हातांनी लाटलेला पापड सारखा लागावा, यासाठी मध्यवर्ती ठिकाणी मळलेले पीठ वाटण्याची पद्धत उपयोगी पडली.

भारतात खाद्यवस्तूंसाठी पूर्वी फळपदार्थ आदेश, १९५५ यांसारखे वेगवेगळे आदेश लागू होते. त्यांची जागा अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याने घेतली असून घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, कमाल किरकोळ किंमत इ. तपशील वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे.

कच्च्या मालाची मर्यादा : वस्तू खपू लागली की, मागणीचा भार उगमावर येतो. सुरिमीसाठी लहान मासाही चालत असल्याने पूर्ण वाढ न झालेली मासळी पकडली जाण्याचा धोका असतो. जून-जुलैतील मासेमारी बंदीबरोबरच महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले आहे. कारखान्यालाही या पुरवठ्याच्या चढउतारांनुसार माशांच्या मिश्रणात बदल करावे लागतात व तसे करताना जेलची प्रत राखावी लागते. कोकमाच्या बाबतीत अडचण झाडाच्या स्वभावात आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तरी पुष्कळशी झाडे परसात, बांधावर व रानात विखुरलेली आहेत. कोकमाची नर व मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून लावलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात आणि हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. फळे पावसाच्या तोंडाशी पिकत असल्याने वाट्या उन्हात वाळविण्यासही अवधी थोडा मिळतो. कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ या जातीची (१९९७) मादी झाडांपासून बांधलेली कलमे लावल्यास फळांची खात्री राहते व ती रोपांपेक्षा लवकर धरतात. परागणासाठी मात्र बागेत थोडी नर झाडे राखावी लागतात.