१९६८ : सिंगापूरच्या औद्योगिकीकरणाला वेग देणारे वर्ष

ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी १६ जानेवारी १९६८ रोजी केलेल्या एका घोषणेने सिंगापूरसमोर अस्तित्वाचा प्रश्न उभा केला. आग्नेय आशियातील ब्रिटिश सैन्य १९७१ च्या अखेरीपर्यंत माघारी बोलावले जाणार होते. सिंगापूरला मलेशियापासून विभक्त होऊन त्या वेळी जेमतेम अडीच वर्षे झाली होती. सुमारे २० लाख लोकसंख्येच्या या देशाकडे ना विस्तीर्ण शेतजमीन होती, ना खनिजसंपत्ती. त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा ब्रिटिश लष्करी तळांवर अवलंबून होता आणि हजारो कुटुंबांची चूल त्या तळांवरील नोकऱ्यांवर पेटत होती.

या संकटाला सरकारने दोन मार्गांनी उत्तर दिले. पहिला मार्ग संस्थात्मक उभारणीचा होता. जुरोंग येथील औद्योगिक वसाहतीच्या विकासासाठी जूनमध्ये जुरोंग टाऊन कॉर्पोरेशन स्थापन झाले. उद्योगांना दीर्घ मुदतीचा वित्तपुरवठा करण्यासाठी विकास बँक सुरू करण्यात आली. सेम्बावांग येथील ब्रिटिश नौदलाची गोदी नाममात्र किमतीत ताब्यात घेऊन तिचे व्यापारी जहाजदुरुस्ती केंद्रात रूपांतर करण्यात आले. युद्धनौकांवर काम करणाऱ्या कुशल कामगारांच्या हातांना त्यामुळे त्याच ठिकाणी काम मिळाले.

दुसरा मार्ग मात्र कामगारांच्या हक्कांना कात्री लावणारा होता. नव्या रोजगार कायद्याने कामाचा आठवडा ४४ तासांचा ठरवला आणि सार्वजनिक सुट्ट्या ११ वर आणल्या. औद्योगिक संबंध कायद्यातील दुरुस्तीने नेमणूक, बढती, बदली आणि कामगारकपात हे विषय संघटनांच्या वाटाघाटीच्या कक्षेबाहेर काढले. परदेशी गुंतवणूकदारांना शिस्तबद्ध मनुष्यबळाची हमी देणे, हा त्यामागील हेतू होता.

हे बदल सहज संमत झाले, त्यामागे राजकीय कारण होते. प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकल्याने एप्रिलमधील निवडणुकीत ली कुआन यू यांच्या पीपल्स ॲक्शन पार्टीने सर्व ५८ जागा जिंकल्या. त्यांपैकी ५१ बिनविरोध होत्या. कामगारांची बाजू मांडणारा विरोधी आवाज संसदेत उरलाच नाही.

परिणाम लवकरच दिसू लागले. १९६९ मध्ये देशात एकही संप झाला नाही. अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी कारखाने थाटले आणि सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी बेरोजगारीची जागा मनुष्यबळाच्या टंचाईने घेतली. १९७२ मध्ये सरकार, मालक व कामगार संघटना यांची राष्ट्रीय वेतन परिषद स्थापन झाली. कामगारांना चर्चेच्या मेजावर स्थान मिळाले, तरी १९६८ मध्ये गमावलेली संघर्षाची ताकद त्यांना परत मिळाली नाही.

सिंगापूरच्या प्रगतीचे श्रेय अनेकदा दूरदर्शी नेतृत्वाला दिले जाते. त्या प्रगतीची किंमत प्रथम कोणी मोजली, याची नोंद १९६८ च्या कायद्यांमध्ये आहे.