अकरावीचे विषय : शाखेच्या आतली निवड

दहावीनंतर निवड होते ती आधी शाखेची आणि मग विषयांची. इंग्लंडमध्ये ए लेव्हलचा विद्यार्थी साधारण तीनच विषय घेतो आणि ते कोणत्याही गटातून निवडू शकतो. महाराष्ट्रात मात्र विज्ञान, वाणिज्य किंवा कला ही चौकट आधी ठरते.

पिंपरी-चिंचवडमध्ये केंद्रीय ऑनलाइन प्रवेश अनेक वर्षे आहेत. 2025-26 पासून ही पद्धत राज्यभर लागू झाल्याने चाकण, राजगुरुनगरची महाविद्यालयेही तिच्यात आली. अर्जाच्या पहिल्या भागात वैयक्तिक माहिती आणि गुण, दुसऱ्या भागात महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायचे असतात. पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, म्हणून क्रम विचारपूर्वक लावावा लागतो. या पसंतीक्रमात शाखा, माध्यम आणि अनुदानित की विनाअनुदानित हे कळते. विषयांचा नेमका संच बहुधा प्रवेश निश्चित करताना महाविद्यालयातच ठरतो.

विज्ञान शाखेत इंग्रजी सक्तीचे, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र बहुतेक सर्वांना. खरा प्रश्न गणित आणि जीवशास्त्राचा. जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा रस्ता जवळपास बंद होतो, कारण त्या परीक्षेच्या 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे. गणित सोडले तर अभियांत्रिकी प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट हातातून जातो. तिथे 200 पैकी 100 गुण गणिताचे. दोन्ही ठेवणाऱ्याला दोन्ही वाटा खुल्या राहतात, पण अभ्यासाचा भारही वाढतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याच वर्षी विज्ञान बहुधा इंग्रजीतून शिकावे लागते, आणि पहिल्या काही महिन्यांत विषयापेक्षा भाषाच जड जाते.

कारखान्यांच्या या पट्ट्यात द्विलक्षी विषयांना विशेष अर्थ आहे. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, सहसा जीवशास्त्र, यांच्या जागी 200 गुणांचा एक व्यावसायिक विषय घेता येतो : इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, मेकॅनिकल मेंटेनन्स, स्कूटर-मोटारसायकल सर्व्हिसिंग. प्रात्यक्षिकांसाठी प्रयोगशाळा व शिक्षक लागत असल्याने हे विषय सर्वत्र नसतात आणि जागाही मोजक्याच असतात.

वाणिज्य शाखेत पुस्तपालन, अर्थशास्त्र आणि ओसी म्हणजे वाणिज्य संघटन हे विषय असतात. चिटणिसाची कार्यपद्धती की गणित, हा इथला निर्णय. पुढे अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा विमाशास्त्र शिकायचे असेल त्याला गणित उपयोगी पडते. कला शाखेत पर्याय कागदावर सर्वाधिक आहेत. प्रत्यक्षात इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र यांपैकी काय मिळेल, हे त्या महाविद्यालयात शिक्षक आहे का आणि पुरेसे विद्यार्थी जमतात का यावर ठरते.

अकरावीशिवायही वाट आहे. पिंपरीतील मोरवाडीत महापालिकेची स्वतःची आयटीआय आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पात्रतेनुसार पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्यामुळे अकरावी न घेणे म्हणजे शिक्षण थांबणे नव्हे.

कटऑफ सर्व पालक पाहतात. विषयांची यादी फार थोडे मागतात. पसंतीक्रम भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : कोणते विषय खरोखर शिकवले जातात, कोणते एकत्र घेता येतात आणि त्यांचे शिक्षक नेमलेले आहेत का. दोन वर्षांनंतरचे दरवाजे याच उत्तरांवर उघडतात.